तिच्याकडे युद्ध आहे

सकाळी लाईट गेली, मशीन थांबली आणि मी पायडलवरचा पाय तसाच ठेवून बसून राहिले. माझा नवरा अमृत ऑफिसला जाता जाता मी घरी विसरलेला डबा द्यायला गाळ्यावर आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, “तिकडं डोक्यावर बाँब पडतायत तरी ती हालिना कारखाना चालवती की. आणि तू बघ. लाईट काय गेली, हातावर हात ठेवून बसलीस.” हसत म्हणाला. गोजाबाई हसल्या, मशीनवरच्या बाकीच्या बायका हसल्या, मीही हसले. तो स्वतः वीज कंपनीत आहे, तेव्हा लाईट आणायचं काम कुणाचं, हे मला तिथल्या तिथं विचारता आलं असतं. पण मला उत्तरं माणूस निघून गेल्यावर सुचतात. त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळली तेव्हा सुचलं आणि मग ते उत्तर दिवसभर कोरड्या भाकरीच्या घासासारखं घशातच राहिलं. त्याच्या बोलण्यापेक्षा मला लागलं ते त्यानं तिचं नाव घेताना केलेलं तोंड. माझं नाव घेताना ते तसं कधी होत नाही. रेश्मा म्हणजे डबा विसरणारी, रेश्मा म्हणजे किल्ली कुठं ठेवलीस. हालिना म्हणजे काहीतरी मोठं, लांबचं, मान वर करून बघायचं.

आणि गंमत अशी की तिला आमच्या घरात आणलं त्यानंच. पुण्याची एक संस्था आहे, बायकांचे छोटे धंदे चालावेत म्हणून काम करणारी. इथली एक बाई आणि परदेशातली एक अशी जोडी लावून द्यायची, दोघींनी दर गुरुवारी सकाळी तासभर फोनवर तोंडं बघत धंद्याचं बोलायचं. अमृतनं माझं नाव परस्पर घातलं. बार्शीच्या बाईला कोलंबोची मसालेवाली मिळाली, सांगलीच्या बाईला केनियातली कुणीतरी. मला मिळाली युक्रेनमधल्या खारकीवची हालिना. मी शाळेचे गणवेश शिवते, ती लहान मुलांचे कपडे शिवते, म्हणून आमची जोडी. तिचा कारखाना तळघरात. पहिल्याच गुरुवारी तिनं फोन फिरवून दाखवला: बॅटरीच्या दिव्यांच्या उजेडात ओळीनं बसलेल्या बायका, भिंतीला लावलेली पाण्याची पिंपं, आणि कोपऱ्यात खाटेवर झोपलेलं कुणाचंतरी पोर. अमृत माझ्या खुर्चीमागं उभा राहून बघत होता. संपल्यावर म्हणाला, “लई भारी बाई आहे.” त्या दिवशी त्याला भाजीत मीठ कमी पडलेलंही कळलं नाही.

तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मधे फोनमधली एक बाई असते, भाषांतराच्या ॲपची, ती इकडचं तिकडं करते. त्या बाईचा आवाज सपाट, बँकेतल्या सूचनेसारखा. हालिना चिडली तरी तसाच, हसली तरी तसाच. माझं ओबडधोबड सोलापुरी बोलणं तिकडं कसं पोचत असेल देव जाणे, पण हालिना माझ्याकडं यायची ती शुद्ध पुस्तकी मराठीत. “माझे पती पूर्वेकडील आघाडीवर आहेत. त्यांचा दूरध्वनी कधीकधी येतो.” या मराठीचाही मला राग यायचा. माझ्याच भाषेत ती माझ्यापेक्षा चांगली बोलत होती.

खरं सांगायचं तर मला तिच्या सगळ्याचाच राग यायचा. राग म्हणजे काय, मी जळायचे. पोलंडातलं एक मोठं दुकान तिचा माल विकतं आणि प्रत्येक झबल्याला चिठ्ठी असते, युद्धात शिवलेलं म्हणून. लोक ती चिठ्ठी वाचून डोळे पुसतात आणि दोन जास्तीची झबली घेतात. माझ्या चड्ड्यांना मी काय चिठ्ठी लावू? लोडशेडिंगमध्ये शिवलेलं? नणंदेच्या डोहाळजेवणाचा स्वयंपाक उरकून शिवलेलं? मीही अडचणीतूनच उभी राहिले होते, पण माझ्या अडचणी सगळ्यांच्या घरात असतात तशा, कुणी बातमी करावी अशा नाहीत. तिच्याकडे युद्ध आहे. ती नुसती खुर्चीत येऊन बसली तरी शूर दिसते. मी दिवसभर राबले तरी दमलेली दिसते.

त्यात यंदाचं वर्ष वाईट. ज्या शाळेच्या जिवावर माझा गाळा चालायचा त्या शाळेनं गणवेशाचं काम काढून एका मोठ्या कंपनीला दिलं. मे महिना म्हणजे आमच्या सोलापुरात गणवेशवाल्यांना जेवायला फुरसत नसते, आणि माझ्याकडं बायका दुपारी मशीनवर डोकं ठेवून डुलक्या काढत होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. माझ्या चुलतदिराला, युवराजला, पाण्याच्या जारचं गोदाम करायला जागा हवी होती आणि त्याचा डोळा माझ्या गाळ्यावर. अमृतनं त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला म्हणाला, “जूनपर्यंत बघू. काम आलं तर तुझा, न्हाय तर उगी कुलूप लावून ठेवायचा का?” तुझा म्हणाला, पण गाळा सासऱ्यांनी घेतलेला, त्याच्या नावावर. पाटी तेवढी माझ्या नावाची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जूनपर्यंत काम आणलं नाही तर माझ्या मशिनींच्या जागी पाण्याचे जार उभे राहणार होते आणि मी घरी, किल्ल्या कुठं आहेत ते सांगायला.

असलं जळणं मला नवीन नाही. माहेरी करकंबला आम्ही शाळेत असताना चैतालीचं घर जळालं. चूल नीट विझली नव्हती, वारं सुटलं, कुडाची भिंत, बघता बघता गेलं. माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तर बाईंनी तिला जवळ बसवलं, तिच्या केसांतून हात फिरवला. आठवड्यात तिला झालरीचा नवा फ्रॉक आला, वह्या आल्या, कुणी रंगीत पेन्सिलींची पेटी दिली. डबा तर रोज कुणाचा ना कुणाचा. ती झालर गुलाबी होती आणि तिला बारीक पांढरे ठिपके होते, हे मला आजही माझ्या हाताखालच्या कापडाइतकं स्वच्छ दिसतं. मी घरी जाऊन आईला विचारलं, आपलं घर कधी जळणार? आईनं हातातलं पीठ न झटकता माझ्या गालावर चापट दिली. “जिभंला काय हाड हाय का न्हाय गं तुज्या?” गालावर पीठ उमटलं. मी आरशात बघितलं आणि तेही न पुसता थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसले, कुणी विचारतंय का बघायला. कुणी विचारलं नाही.

हालिनाचा नवरा घरी नाही, याचंही मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एका गुरुवारी ती म्हणाली, म्हणजे फोनमधली बाई म्हणाली, “आता सर्व निर्णय मीच घेते. विचारण्यास कोणी नाही.” हे ती दुःखानं म्हणाली असणार. मला मात्र तिचं तळघर एकदम ऐसपैस वाटायला लागलं. कुणी दारात उभं राहून हसत नाही, कुणाचा चुलतभाऊ टेप घेऊन भिंती मोजत नाही. मी क्षणभर मनातल्या मनात अमृतला लांब कुठंतरी पाठवून बघितलं, सीमेवर, बर्फात, वीज कंपनीच्या निळ्या शर्टातच. मग माझं मलाच कसंतरी झालं आणि त्या रात्री मी त्याला न मागता ताकाला फोडणी घालून दिली. तो म्हणाला, आज काय विशेष.

आणि मग त्याच मे महिन्यात आपल्याकडंही युद्ध आलं. चार दिवस. सोलापूरला त्याचं काही नव्हतं, जे काय ते लांब वर, सीमेकडं. तिकडं माणसं मेली, घरं पडली. इथं सगळे मोबाईलवर. अमृत जेवताना फोन ताटाला टेकवून बसायचा. गल्लीत पोरं तोंडानं विमानं उडवायची. गोजाबाईंचा पुतण्या फौजेत, त्यांचं लक्ष कामात नव्हतं. त्या सारख्या म्हणायच्या, “बाई, फोन लागंना बगा त्याचा.” मी त्यांना धीर द्यायचे, आणि आतून मला काय वाटत होतं? आतून मला बरं वाटत होतं. आता माझ्याकडंही आहे, असं वाटत होतं. येत्या गुरुवारी तिला सांगायला माझ्याकडंही काहीतरी आहे.

त्या गुरुवारी तिच्याकडं सकाळी वीज नव्हती, म्हणून बोलणं दुपारी ठरलं. ती आली ती केस न विंचरता, डोळ्यांखाली काळं. पण पहिलं वाक्य तिचंच: “आपल्या देशातील वार्ता पाहिली. आपण कुशल आहात ना?” मी म्हणणार होते, आम्ही फार लांब आहोत. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गाळ्यामागच्या सूतगिरणीचा तीनचा भोंगा झाला. तो इतका सवयीचा की आम्हाला वेगळा ऐकूसुद्धा येत नाही. पाळी सुटते, पाळी भरते, बायका त्यावर चहा ठेवतात. लांबलचक, चढत जाणारा, मग उतरत जाणारा. पडद्यावर हालिना दिसेनाशी झाली. नुसती खुर्ची आणि मागची भिंत. मग टेबलाच्या कडेला तिची बोटं दिसली, मग डोकं. ती जोरात काहीतरी ओरडत होती आणि फोनमधली बाई शांतपणे सांगत होती, “आश्रयस्थानी जा. खिडकीपासून दूर जा. दोन भिंतींच्या मधे बसा.” गोजाबाई माझ्यामागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “भोंग्याला का भ्याली वो ही?”

मी सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, सूतगिरणीचा भोंगा आहे. पण हालिनाचा झाला होता तसा चेहरा माझ्यासाठी कुणाचा कधी झाला नव्हता. ती माझ्यासाठी घाबरली होती. मी गोजाबाईंना हातानं गप्प केलं आणि फोनला म्हटलं, आमच्याकडं हे नवीन आहे. यात खोटं काय होतं? युद्ध आमच्याकडं नवीनच होतं, एक शब्द खोटा नव्हता. पुढचा सगळा वेळ ती मला शिकवत राहिली. पाणी भरून ठेवा. कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. पायात बूट घालूनच झोपा. मुलांच्या खिशात नाव-पत्ता लिहून ठेवा. मी मान हलवत होते. मला चैतालीची झालर अंगावर चढल्यासारखी वाटत होती, गुलाबी, मऊ, थोडी घट्ट.

त्या संध्याकाळी तिनं आमच्या सगळ्या जोड्यांच्या ग्रुपवर लिहिलं की माझी सोलापूरची बहीण भोंग्यांच्या आवाजात मशीन चालवते आहे. केनियाहून निरोप आले, कोलंबोहून आले. सांगलीच्या बाईनं मला खाजगीत विचारलं, सोलापुरात भोंगे वाजतायत का गं? मी तिला हात जोडलेलं चित्र पाठवलं. आणि शनिवारी, लढाई थांबल्याचं इकडं सगळे सांगत होते त्याच दिवशी, हालिनाचा निरोप आला. पोलंडच्या दुकानाची बालवाडीच्या एप्रनची ऑर्डर तिला मिळाली होती, त्यातली अर्धी ती मला देत होती. दुकानाशी तिनं बोलून घेतलं होतं. “थांबले असे आमच्याकडेही अनेकदा सांगतात. विश्वास ठेवू नका. तुमच्या स्त्रियांना काम मिळायला हवे.” मी विचारलं, मग तुमच्या बायकांचं? उत्तर आलं, “आम्हाला सवय आहे. तुम्ही नवीन आहात.”

अमृतला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ वाचत राहिला. मग युवराजला माझ्यासमोर फोन लावला आणि म्हणाला, गाळ्याचं जमायचं नाही, हितं परदेशचं काम आलंय. परदेशचं काम असं म्हणताना त्याचं तोंड हालिनाचं नाव घेताना व्हायचं तसं झालं. मला हवं होतं तसं. मी त्या तोंडाकडं बघत होते आणि मला एवढंच दिसत होतं की ते तिनं दिलेलं आहे. गाळा तिनं राखला, नवऱ्याच्या डोळ्यांतलं कौतुक तिनं दिलं, आणि मी थाप मारली तर तीसुद्धा तिनं अर्ध्या ऑर्डरीएवढी मोठी करून परत केली. माझ्या खोटेपणातही तीच मोठी झाली. तिच्यावर जळायचं आता काही कारण उरलं नव्हतं आणि मी पहिल्यापेक्षा जास्त जळत होते. कापड सोलापुरातच मिळालं, कटिंगवाल्या कल्लप्पा मास्तरांनी दोन दिवसांत सगळं कापून टाकलं. पिवळं जाड सुती, खिशावर बदक. बायका बदकं शिवत होत्या, गाणी म्हणत होत्या, गोजाबाईंच्या पुतण्याचा फोनही आला होता. मला बदकाच्या चोचीकडं बघवत नव्हतं. कधी वाटायचं, तिला सगळं सांगावं. कधी वाटायचं, सांगितलं की ती मला माफ करेल आणि मग तर संपलंच, जन्मभर तिच्या माफीखाली राहावं लागेल. भोंगा झाला की आता मी दचकायला लागले होते. गिरणीच्या बायका पाळी सुटून हसत जायच्या आणि मी सुई धरून तशीच.

पुढच्या गुरुवारी बोलणं नेहमीच्या वेळेला, सकाळी होतं. त्याच दिवशी माढ्याला अमृतच्या मावसबहिणीचं लग्न. मी नऊवारी नेसूनच गाळ्यावर आले होते आणि वरून कामाचा मळका कोट चढवला होता, लग्नाला जायची तयारी तिला दिसू नये म्हणून. हालिना त्या दिवशी फार हळू बोलत होती. कापड कसं आहे, टाके किती बारीक ठेवले, असं विचारत होती. नवऱ्याचा फोन बरेच दिवस आलेला नाही, हेही तिनं त्यातच सांगितलं, टाक्यांच्या आणि गुंड्यांच्या मधे कुठंतरी. मी म्हटलं, येईल. फोनमधल्या बाईनं ते तिकडं नेलं. तेवढ्यात अमृत आत आला, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर. त्याला वाटलं आमचं बोलणं संपलंय. “अजून कोट काढला न्हाईस व्हय? आवर की. साडेबाराचा मुहूर्त आहे माढ्याला. जेवणं उरकून परत मंगळवेढ्याच्या पाहुण्यांना सोडायचंय. सगळं वऱ्हाड पोचलंसुद्धा.” फोन चालूच होता. फोनमधल्या बाईनं हे सगळं इमानदारीनं ऐकलं आणि शब्द न गाळता हालिनाला सांगून टाकलं. मुहूर्त, जेवण, पाहुणे, वऱ्हाड. मी फोनवर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता.

हालिनानं विचारलं, “आपल्याकडे विवाह आहे?” मी म्हटलं, हो. “मग तो भोंगा?” मी म्हटलं, मागं सूतगिरणी आहे. पाळीचा असतो. रोज होतो. माझं हे बोलणं त्या सपाट आवाजात तिकडं गेलेलं मी ऐकलं, एक अक्षर न समजता ऐकलं, आणि कानापासून मानेपर्यंत तापले. आता ती ओरडेल असं वाटलं. ओरडायला हवी होती. ओरडली असती तर मला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. तिनं फक्त विचारलं, “कापड कापून झाले का?” मी म्हटलं, झालं. म्हणाली, “मग शिवा. कापलेले कापड परत जोडता येत नाही.”

भोंग्याचं मी अमृतला सांगितलंच नव्हतं, त्यामुळं त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. हालिना अजून फोनवर आहे एवढंच त्याला दिसलं आणि तो हरखून माझ्या खुर्चीशेजारी वाकला, तिला नमस्कार केला. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझ्या खांद्यावर, केसांत, कोटाबाहेर आलेल्या पदरावर पिवळे धागे. गाळ्यावरून कुठं जायचं असलं की तो नेहमी करतो तसं, तोंडानं च्च करत, तो एकेक धागा वेचायला लागला. “हे बघ. अशीच जाणार होतीस लग्नात. हल नको.” कानामागचा एक निघेना, तेव्हा तो अजून वाकला, चष्मा कपाळावर सारला आणि नखात धरून हळूच ओढला.

मी पडद्याकडं बघितलं. हालिना माझ्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडं बघत होती. तिचा चेहरा बदलला होता आणि तो मला लगेच ओळखू आला, कारण आतून तो मी सहा महिने रोज घालत होते. ओठ थोडे आत ओढलेले, डोळे एका जागी, आणि मान किंचित मागं, आपल्याला यातलं काही नको असल्यासारखी. ती माझ्यावर जळत होती. बाँबला न घाबरणारी, अर्धी भाकरी देणारी, मोठ्या मनाची हालिना माझ्या खांद्यावरच्या धाग्यांवर जळत होती. मला हेच तर हवं होतं. एकदा, एकदाच मला तिला असं बघायचं होतं. आता दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मला वाटलं, त्याला बाजूला करावं, पडद्याबाहेर. मी हात उचललाही. तेव्हा हालिना काहीतरी म्हणाली, फार हळू, आणि फोनमधली बाई नेहमीच्या आवाजात बोलली, “कृपया त्यांना थोडा वेळ तिथेच उभे राहू द्या.”

“काय म्हणती ती?” धाग्यांतून लक्ष न काढता अमृतनं विचारलं. “चल, उशीर होतोय.”

मी म्हटलं, “अजून धागे आहेत. काढा की.” आणि मान खाली घालून बसून राहिले.